चाकाचा नट किती फेरे बसतो?

मागच्या वेळी आपण गटाच्या दप्तराबद्दल बोललो होतो. आज बोलणार आहे गाडीच्या चाकाबद्दल. हसू नका. केंद्राच्या आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजनेतून २०१७ पासून काही बचत गटांच्या दारात गाड्या उभ्या राहिल्या, आणि आमच्यासारख्या काही गटांनी पदरमोड करून जुन्या गाड्या घेतल्या. गाडी गटाची म्हटल्यावर तिचं चाकही गटाचंच. ते चाक कशावर टिकून आहे हे मला अलीकडेपर्यंत माहीत नव्हतं. आधी आमचं काय झालं ते सांगते, मग त्यातून काय शिकलो ते.

आमचा गट पाटण तालुक्यातला. नाचणीचे पापड, कुळथाचं पीठ, हातसडीचा तांदूळ असा माल घेऊन आमची गाडी दर आठवड्याला कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाते. बरोबर तीन-चार बायका असतात. घाट उतरताना ब्रेक सारखा दाबावा लागतो. खाली पोचेपर्यंत पुढच्या चाकांना जळका वास यायचा आणि पायाखालचा ब्रेक मऊ लागायचा. गाडी चालवणाऱ्या ताईने हे मासिक बैठकीत सांगितलं. एका गॅरेजवाल्याने उपाय सुचवला, त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीच्या डिस्क प्लेटा आणि कॅलिपर पुढे बसवायचे. ब्रेकच्या बाबतीत पैशाकडे बघायचं नाही म्हणून आम्ही ठराव केला, सह्या केल्या, पैसे दिले.

ब्रेक खरंच चांगला लागायला लागला. चौथ्या फेरीला हेळवाकच्या अलीकडे पुढच्या डाव्या चाकातून कटकट आवाज येऊ लागला. ताईने गाडी बाजूला घेतली, उतरून बघितलं. चारपैकी एक स्टड तुटून नटासकट पडून गेलेला, दुसऱ्याचे आटे घासून गुळगुळीत झालेले, आणि उरलेले दोन नट हाताने फिरत होते. पुढे घाट होता. त्या दिवशी मीही गाडीत होते. मांडीवर हिशोबाची वही होती आणि मी पापडांची पाकिटं मोजत होते. याहून जास्त काही त्या प्रसंगाबद्दल बोलवत नाही.

आता स्टड म्हणजे काय ते सांगते. चाक काढलं की मागे लोखंडी तबकडी दिसते, तो हब. त्यातून चार किंवा पाच जाड दांडे आपल्याकडे तोंड करून बाहेर आलेले असतात. त्यांना स्टड म्हणतात, काही गॅरेजांत हब बोल्टही म्हणतात. या दांड्यांवर आधी डिस्क प्लेट किंवा ब्रेकचा ड्रम बसतो, त्यावर चाक बसतं आणि वरून नट आवळतात. स्टडचं डोकं हबच्या मागच्या बाजूला असतं. डोक्याजवळच्या भागावर बारीक दाते असतात. ते हबच्या भोकात दाबून रुतवलेले असतात, म्हणून नट आवळताना स्टड गरगर फिरत नाही.

मला वाटायचं की चाक या चार दांड्यांवर लटकलेलं असतं, भिंतीच्या खुंटीवर पिशवी लटकते तसं. ते तसं नाही. तुमच्या घरातल्या कुणी म्हाताऱ्या माणसाने बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिली असेल तर त्यांना विचारा. लोखंडी धाव तापवून लाल करतात, लाकडी चाकावर चढवतात आणि वरून पाणी ओततात. धाव आकसते आणि सगळं चाक आवळून धरते. तिथे जे काम आकसणं करतं, ते इथे नट करतो. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो. डोळ्यांना दिसत नाही, पण ताणलेल्या रबरासारखा तो परत आखडू बघतो आणि चाक, प्लेट, हब यांना एकमेकांवर दाबून धरतो. १२ मिलिमीटर जाडीचा एक स्टड नीट आवळला तर साधारण चार टनांच्या आसपास दाब देतो. या दाबामुळे चाक हबवर घसरत नाही. दाब गेला की चाक थोडंथोडं हलू लागतं आणि प्रत्येक हिसका थेट स्टडवर बसतो. मग स्टड तुटतात, आणि एक तुटला की त्याचा भार शेजारच्यावर जातो.

आमच्या गाडीत दाब का गेला? नवा कॅलिपर आकाराने मोठा होता, तो चाकाच्या आतल्या बाजूला घासत होता. म्हणून गॅरेजवाल्याने हब आणि चाक यांच्यामध्ये पाच-पाच मिलिमीटरच्या दोन सुट्या चकत्या घालून चाक बाहेर ढकललं. या चकतीला स्पेसर म्हणतात. नव्या डिस्कचा मधला भागही जुन्यापेक्षा दोन मिलिमीटर जाड होता. स्टड मात्र जुनेच ठेवले.

कऱ्हाडच्या एका वयस्कर फिटरकाकांनी हे आम्हाला वहीवर मांडून दाखवलं. आमचा स्टड हबच्या तोंडापासून ३० मिलिमीटर बाहेर येतो. पूर्वी त्यातले ६ डिस्कमध्ये आणि ५ चाकाच्या पत्र्यात जायचे, नटाला धरायला १९ उरायचे. नव्या मांडणीत डिस्कचे ८, चकत्यांचे १० आणि पत्र्याचे ५ गेले. उरले ७. स्टडची जेवढी जाडी, निदान तेवढी लांबी नटाने धरली पाहिजे असा साधा नियम आहे. आमचा स्टड १२ मिलिमीटरचा, म्हणजे निदान १२ हवेत. मिळाले ७. वरून बघणाऱ्याला काहीच कळत नव्हतं, चारही नट जागेवर आणि घट्ट दिसत होते.

हे मोजायला यंत्र लागत नाही. नट बोटांनी लावायचा, आटा पकडला की मोजायला सुरुवात करायची आणि चाकाला टेकेपर्यंत किती पूर्ण फेरे होतात ते बघायचं. आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर असेल तर १२ मिलिमीटरला आठ फेरे होतात. अंतर सव्वा मिलिमीटर असेल तर साडेनऊच्या वर, म्हणून दहा धरायचे. आमचा नट साडेपाच फेऱ्यांत टेकत होता. हळदीकुंकवाच्या वाणात वाटलेल्या डबीचं झाकणसुद्धा मी इतक्या कमी फेऱ्यांवर सोडत नाही.

मग नवे स्टड घ्यायचे ठरलं. मी दुकानात गेले आणि म्हटलं, अमुक गाडीचे स्टड द्या, जरा लांब. दुकानदाराने तीन प्रकारचे समोर ठेवले. तिन्ही सारखेच दिसत होते. डोळ्यांनी निवडायची ही वस्तूच नाही. जुना न झिजलेला स्टड आणि एक नट रुमालात बांधून न्यायचा, आणि व्हर्निअर असलेल्या दुकानातच जायचं.

पहिली गोष्ट आट्यांची. मारुती सुझुकीच्या बहुतेक छोट्या गाड्यांना १२ मिलिमीटर जाडी आणि सव्वा मिलिमीटर अंतराचे आटे असतात. ह्युंदाई, टोयोटाच्या बहुतेक छोट्या गाड्यांना जाडी तीच पण अंतर दीड मिलिमीटर. एकाचा नट दुसऱ्याच्या स्टडवर एक-दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे एखादा पाना लावून जोर करतो, नट कुरकुरत पुढे जातो आणि आटे सोलले जातात. खरी जोडी असेल तर नट बोटांनी शेवटपर्यंत सहज फिरला पाहिजे. दुकानातच फिरवून बघायचा, लाजायचं नाही.

दुसरी गोष्ट दातेरी भागाची, आणि इथे सगळ्यात जास्त फसगत होते. आटे जुळले, लांबी जुळली म्हणून घेतला, पण दात्यांपाशी जाडी कमी असेल तर स्टड हबमध्ये सैल बसतो. मग नट आवळताना स्टडच नटाबरोबर फिरतो आणि पुढे कधी पंक्चर काढायला चाक सोडवायचं म्हटलं तर नट निघता निघत नाही. जाडी जास्त असेल तर तो नीट आत बसत नाही, किंवा ठोकून बसवताना हबला तडा जाऊ शकतो. दात्यांपाशी दहाव्या हिश्शाच्या मिलिमीटरनेसुद्धा फरक पडतो. म्हणून इथे व्हर्निअरच. पट्टीने भागत नाही. दात्यांचा भाग किती लांब आहे तेही बघायचं. तो हबच्या जाडीपेक्षा लांब असेल तर पुढे येऊन डिस्कच्या भोकात अडकतो आणि डिस्क हबवर सपाट टेकत नाही.

तिसरी लांबी. जितकी जाडी मध्ये वाढली तितका स्टड लांब हवा, आणि थोडा जास्त असला तर बिघडत नाही. पण एक अडचण आहे. काही नट डोक्याने बंद असतात, टोपीसारखे. स्टड फार लांब झाला तर त्याचं टोक टोपीच्या आत टेकतं आणि नट पुढे जात नाही. पाना अडतो, आपल्याला वाटतं घट्ट झाला, आणि चाक मात्र सैलच असतं. लांब स्टड घेतला तर आरपार उघडे नट घ्यायचे किंवा टोपीची आतली खोली मोजून घ्यायची.

चौथी गोष्ट डोक्यावरच्या आकड्याची. स्टडच्या डोक्यावर १०.९ किंवा ८.८ असं कोरलेलं असतं. पहिला आकडा पोलाद किती ताण सोसतं ते सांगतो. १० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साधारण १०० किलोचा ओढ सोसून मग ते तुटतं. पुढचा ९ म्हणजे त्याच्या नऊ दशांशापर्यंत ओढलं तरी ते आपल्या मूळ लांबीवर परत येतं. त्यापलीकडे ताणलं तर ताणलेलंच राहतं, जुन्या परकराच्या नाडीतल्या इलॅस्टिकसारखं. आम्ही १०.९ घेतले. डोक्यावर काहीच कोरलेलं नसेल तो स्टड मी घेणार नाही, कितीही स्वस्त असला तरी. लेथवर साध्या गजातून करून घेतलेला तर अजिबात नाही. आमच्या खजिनदार काकूंनी तो पर्याय सुचवला होता, गावातला लेथवाला त्यांचा भाचा म्हणून. लेथवाल्याचं काम चोख आहे, नांगराच्या बोल्टसाठी मी त्याच्याचकडे जाते. पण तो गज कुठल्या पोलादाचा हे त्यालाही ठाऊक नसतं. चमकणारा स्टेनलेसचा बोल्टही तसाच. दिसायला छान, पण इथे लागणारी ताकद साध्या स्टेनलेसमध्ये नसते.

नटाची बैठकही बघायची. काही नटांचं तोंड शंकूसारखं उतरतं असतं, काहींचं गोलसर, काहींचं सपाट. चाकाच्या भोकाची कड ज्या आकाराची, नट त्याच आकाराचा हवा. शंकूचा नट गोलसर कडेवर बसवला तर तो एका बारीक रेघेवरच टेकतो. तेवढी रेघ दबली की ताण सुटतो.

बसवण्याबद्दल फिटरकाकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की खर्च स्टडचा कमी आणि मजुरीचा जास्त येईल. तसंच झालं. लांब स्टड मागून आत सरकवायला जागाच नव्हती, म्हणून हब काढावा लागला. हब दाबून काढताना पुष्कळदा बेअरिंग खराब होतं. आमचं झालं. दोन्ही बाजूंची बेअरिंगं नवी घातली. तुम्ही अंदाजपत्रक मागाल तेव्हा स्टडबरोबर बेअरिंगचा आकडाही विचारा, नाहीतर बैठकीत तोंड द्यावं लागतं. मी दिलं आहे. नवा स्टड प्रेसमध्ये दाबून बसवतात. प्रेस नसेल तर जुना नट आणि वॉशर लावून हळूहळू ओढून घेतात, आणि तो नट नंतर फेकून देतात, कारण ओढताना त्याच्या आट्यांवर फार जोर येतो. गाडीवरच हातोड्याने ठोकून बसवायला मात्र आम्ही नकार दिला.

चकत्यांचं काय केलं तेही सांगते. काकांचं मत स्पेसर शक्यतो नकोच असं होतं. पण डिस्क आणि कॅलिपरचे पैसे जाऊन बसले होते. त्यांनी कॅलिपर आणि चाक यांमधलं अंतर मोजलं तर पाच मिलिमीटर पुरत होते. दुसरी चकती गॅरेजवाल्याने उगीचच घातली होती. काकांनी दोन सुट्या चकत्या काढून हबच्या मधल्या उंचवट्यावर चपखल बसणारी एकच घातली आणि स्टड १० मिलिमीटर जास्त लांबीचे. हिशोब करा. ४० मधून ८, ५ आणि ५ गेले, उरले २२. नट आता सतरा फेरे बसतो. पुढचे आठही स्टड बदलले, चांगले दिसणारेसुद्धा, कारण सैल चाकाबरोबर सगळेच हिसके खात होते.

आवळण्याची रीत आमच्या ताईने सगळ्यांना शिकवली. हब, डिस्क, चाक टेकतात त्या जागा तारेच्या ब्रशने घासून घ्यायच्या. तिथे गंज, माती, रंगाचा थर राहिला तर तो दोन दिवसांत चुरतो आणि नट सैल होतो. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावायचं नाही. तेलाने नट सहज फिरतो आणि तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. नट आधी हाताने, मग समोरासमोरचे आळीपाळीने. एक पूर्ण घट्ट करून शेजारच्याकडे गेलं तर चाक तिरकं बसतं.

किती घट्ट? छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर, आपल्या गाडीचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. हे माप कळायला सोपं आहे. अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाला २० किलोचं वजन टांगलं तर जवळजवळ ९८ न्यूटन मीटर होतात. २० किलो म्हणजे निम्म्याहून कमी भरलेलं सिमेंटचं पोतं. आता टायरवाला त्याच पान्यावर पाय देऊन उभा राहतो. तो ६० किलोचा असेल तर तिप्पट जोर झाला, वर उडी मारली तर विचारूच नका. तेवढ्यात १२ मिलिमीटरचा स्टड कायमचा ताणला जातो किंवा तुटतोच. आम्हाला पूर्वी असं चाक आवळणारा माणूस भरवशाचा वाटायचा. आता ताई त्याला पान्यावरून खाली उतरायला सांगते आणि मापाचा टॉर्क पाना वापरते. तो पाना गटाने विकत घेतला आहे. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर झाले की नट पुन्हा एकदा तपासायचे, कारण नवी बैठक थोडी दबते. आम्ही ते चिपळूणला पोचल्यावर, चाकं गार झाली की करतो.

बैठकीत एका ताईने विचारलं, एवढं सगळं करण्यापेक्षा आधीचे ब्रेक काय वाईट होते? प्रश्न बरोबर होता, आणि मला तो आधी सुचायला हवा होता. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिन गाडी रोखून धरतं आणि ब्रेकला उसंत मिळते. आमची गाडी उतारावर वरच्या गिअरमध्ये चालत होती, डिझेल वाचतं या समजुतीने. ब्रेक ऑइलही कित्येक वर्षांत बदललं नव्हतं. ते हवेतला ओलावा शोषतं, मग तापल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचा ब्रेक मऊ लागतो. ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. ऑइल, नवे पॅड आणि खालचा गिअर एवढ्यावर कदाचित आमचं भागलं असतं. दुसरं म्हणजे कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून काहीही बदलण्याआधी आरटीओत आणि विमावाल्यांकडे लेखी विचारा. आम्ही नंतर विचारायला गेलो, तेव्हा दोन्हीकडे बोलणी खाल्ली.

स्टेपनी विसरू नका. ब्रेक बदलल्यावर स्टेपनी एकदा पुढच्या चाकाच्या जागी लावून, फिरवून बघायची. मोठ्या कॅलिपरला घासते का ते घरासमोर कळलेलं बरं. आमची घासत नव्हती.

हे बोलणं रेकॉर्ड करण्याआधी शेजारच्या गावच्या गटाने फोनवर विचारलं होतं की स्टड न बदलता लांब मानेचे नट मिळतात, ते चालतील का. त्या नटाची मान चाकाच्या भोकात शिरते आणि आतपर्यंत जाऊन आटे धरते. ज्या चाकाचं भोक त्या मानेएवढं मोठं असतं आणि ज्याची बैठक त्या नटाला जुळते, तिथे तो चालतो. साध्या पत्र्याच्या चाकाचं भोक सहसा तेवढं मोठं नसतं. त्यांच्या गाडीची चाकं पत्र्याची आहेत. मी त्यांना एक नट आणि जुना स्टड रुमालात बांधून बुधवारी पाटणला यायला सांगितलं आहे, व्हर्निअर मी घेऊन येते.